डॅनिश आधुनिक चांदीची भांडी: पारख, खरेदी आणि निगा

विसाव्या शतकात डेन्मार्कमध्ये घडवलेल्या चांदीच्या भांड्यांवर नक्षी फारशी नसते. काठाला वेलबुट्टी नाही, पोटावर फुलेपाने नाहीत, असतो तो फक्त घाट. नक्षीच्या कामात हातोडीची चूक, झाळ (वितळलेल्या धातूने केलेला सांधा) किंवा जुनी दुरुस्ती रेषांमध्ये मुरून जाते. साध्या भांड्यात असे काहीच लपत नाही. तिथे पृष्ठभाग हेच खरे कारागिराचे काम, आणि सर्वांत आधी नाश होतो तोही त्याचाच. म्हणून ही भांडी पारखताना, विकत घेताना आणि घासताना एकच प्रश्न मनात ठेवा: पृष्ठभाग मूळचा आहे का, आणि आपल्या हातात तो तसाच राहील का?

थोडी नावे आधी माहीत हवीत

गेओर्ग येन्सेन (१८६६–१९३५) यांनी १९०४ मध्ये कोपेनहेगनला स्वतःची कार्यशाळा काढली. त्यांची स्वतःची भांडी कळ्या, फळे, पाने यांनी सजलेली असत. कार्यशाळेत आधुनिक वळण आले ते मुख्यतः त्यांनी जोडलेल्या माणसांमुळे. चित्रकार योहान रोहदे यांनी १९२० मध्ये एक सुरई रेखाटली. क्रमांक ४३२ची ही सुरई पूर्ण गुळगुळीत आहे. ती काळाच्या फार पुढची वाटली, म्हणून घडवायला १९२५ उजाडले. हाराल्ड निल्सेन यांचा ‘पिरॅमिड’ हा काटे-चमच्यांचा संच १९२६चा. स्वीडनचे राजपुत्र सिग्वार्ड बर्नादोत यांच्या १९३९च्या संचात बारीक समांतर रेषा हीच काय ती सजावट.

या परंपरेचा कळस म्हणजे हेनिंग कोपेल (१९१८–१९८१). ते मूळचे शिल्पकार. त्यांची १९५२ची सुरई (क्रमांक ९९२) आणि १९५४चे झाकणाचे मत्स्यपात्र (क्रमांक १०२६) यांत सरळ रेषा शोधून सापडत नाही. असा घाट पत्र्यातून हातोडीने काढणे ही रौप्यकारांची खरी परीक्षा होती. तेव्हा कोपेल यांच्या भांड्यामागे ज्यांची नावे कुठे छापली गेली नाहीत, अशा कारागिरांचा वाटा कोपेल यांच्याइतकाच धरायला हवा. त्यांचा ‘कॅराव्हेल’ संच १९५७चा.

येन्सेन यांच्याकडे शिकून बाहेर पडलेले काई बॉयेसन यांनी १९३८ मध्ये काटे-चमच्यांचा एक अतिशय साधा संच काढला. १९५१ च्या मिलान त्रैवार्षिकात, म्हणजे दर तीन वर्षांनी भरणाऱ्या रचनाकलेच्या प्रदर्शनात, त्याला ‘ग्राँ प्री’ हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि तेच त्याचे नाव पडले. कोल्डिंग गावचे हान्स हान्सेन आणि त्यांचे पुत्र कार्ल गुस्ताव यांचे काम तितकेच चोख. नवख्यांनी तिकडे जरूर बघावे, कारण सगळ्यांचे डोळे येन्सेनच्या ठशावर असतात.

मराठी वाचकाला जवळचा धागा फ्रान्समधून येतो. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३०च्या सुमारास एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. त्यातल्या जेवणाच्या मेजावरची चांदी पॅरिसच्या झाँ प्विफोर्का (१८९७–१९४५) यांची होती: भूमितीवर उभे केलेले आणि नक्षीला पूर्ण फाटा देणारे काम. पुढच्या सगळ्या पायऱ्या प्विफोर्कालाही लागू पडतात. वेगळे असतात ते फक्त ठसे.

पहिली पायरी: भांडे कसे घडले ते ओळखा

खोलगट भांडे हाताने घडवताना चांदीच्या पत्र्याची गोल चकती कापतात आणि लोखंडी खुंट्यांवर ठेवून हातोडीने वर उचलत नेतात. ठोकल्याने चांदी कडक होते. मग तिला मंद लालसर होईपर्यंत ताव द्यायचा, सौम्य गंधकाम्लात बुडवून साफ करायची आणि पुन्हा ठोकायची. एका सुरईसाठी हे चक्र कित्येकदा फिरते. शेवटी आरशासारख्या गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने सगळा पृष्ठभाग एकसारखा करतात. पुण्याच्या तांबट आळीत ज्याला मठारकाम म्हणतात, तेच हे काम. फरक एवढाच की मठाराचे तांब्याचे भांडे ठसठशीत घावांसह चमकते, तर डॅनिश चांदीत घाव इतके सपाट असतात की प्रकाश तिरका पडल्यावरच दिसतात.

भांडे खिडकीपाशी न्या आणि हळूहळू फिरवा. हातघडणीच्या पृष्ठभागावर लहान लहान पैलू एकमेकांवर चढलेले दिसतील, आणि कोणतेही दोन तंतोतंत सारखे नसतील. साच्यातून उठवलेले खोटे ‘हातोडीचे घाव’ ठरावीक अंतराने तेच ते येतात. आतल्या बाजूला एकाच केंद्राभोवती बारीक वर्तुळे दिसली तर भांडे फिरत्या यंत्रावर दाबून काढलेले आहे. तळाच्या मध्यावर टाचणीच्या टोकाएवढा बिंदू असेल तर उत्तम. कारागिराने कंपास टेकवून मापे घेतल्याची ती खूण असते.

काटे-चमच्यांच्या बाबतीत ‘हातघडणीचे’ या शब्दाला जास्त ताणू नका. बहुतेक संच पोलादी साच्यांत दाबून आकाराला येतात. कडा, काट्याच्या दातांमधल्या फटी आणि शेवटची झळाळी हाताने होते. त्यात कमीपणा काही नाही, मात्र विक्रेता प्रत्येक चमचा ‘पूर्ण हाताने ठोकलेला’ म्हणत असेल तर सावध व्हा.

दुसरी पायरी: ठसे वाचा

दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरे. ठसे सुरईच्या तळाला किंवा चमच्याच्या दांड्याच्या मागे असतात. त्यात चार-पाच गोष्टी शोधायच्या.

तीन मनोरे ही कोपेनहेगनची खूण. हा सरकारी तपासणीचा ठसा. जुन्या ठशांत मनोऱ्यांखाली सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. शेजारी तपासनिसाची आद्याक्षरे येतात. ख्रिश्चन एफ. हाइसे यांची असतील तर काळ १९०४ ते १९३२, योहानेस सिगगोर यांची असतील तर १९३२ ते १९६०.

मग शुद्धतेचा आकडा. ८२६ किंवा ८३० म्हणजे हजारात तेवढे भाग चांदी आणि बाकी बहुतांशी तांबे. ९२५ म्हणजे स्टर्लिंग. येन्सेनच्या सुरुवातीच्या मालात ८२६ आणि ८३० आढळतात, नंतरच्या मालात ९२५. म्हणून ८३० दिसला की माल हलका असे समजू नका, तो बहुधा जुना असतो.

कार्यशाळेचा ठसा काळानुसार बदलत गेला. ठिपक्यांच्या लंबवर्तुळात पूर्ण नाव असलेला येन्सेनचा ठसा १९४५ पासूनचा. रचनाकाराची आद्याक्षरे कधी वेगळी दिली जातात. मालाचा क्रमांक बहुतेक वेळा असतोच, आणि तो घाटाशी जुळायलाच हवा. तळाला ९९२ कोरले आहे आणि वर सुरईऐवजी वाडगा आहे, तर काहीतरी गडबड आहे.

एक बारकावा. मूळ ठसा पोलादी पंचाने मारलेला असतो, त्यामुळे कडा धारदार असतात आणि पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला हलका उठाव जाणवू शकतो. अस्सल वस्तूवरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत ठसाही ओतलाच जातो. तो मऊ, पसरट दिसतो आणि खोबणीत बारीक दाणे असतात. दुसरा फसवा प्रकार म्हणजे खऱ्या पण मोडक्या वस्तूचा ठसा कापून दुसऱ्या भांड्याच्या तळाला बसवणे. ठशाभोवती चौकोनी किंवा गोल झाळीची रेष शोधायची ती यासाठीच.

तिसरी पायरी: वजन आणि घनता

सराफाकडे कसोटीवर घासून बघण्याची पद्धत इथे नको, चरा कायमचा राहतो. क्ष-किरणांचे यंत्र चालेल, पण ते फक्त वरचा थर वाचते. आम्लात साफ करताना वरच्या थरातले तांबे निघून गेलेले असते, म्हणून आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा चढा येऊ शकतो. झाळीवर तो कमी येतो. मुलामा दिलेल्या वस्तूवर तर पूर्ण फसगत होते. तीन-चार ठिकाणी वाचन घ्यायला सांगा, त्यात काठ किंवा दांड्याची कड अशी झिजलेली जागा हवीच.

घरी करण्यासारखी चाचणी घनतेची. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. आधी चमचा कोरडा तोलून घ्या. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. चमचा बारीक दोऱ्याने बांधा आणि पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला लागणार नाही असा पाण्यात लटकवून धरा. काट्यावर येणारे ग्रॅम म्हणजे चमच्याचे घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागा. स्टर्लिंगची घनता १०.३ ते १०.४ येते. ५० ग्रॅमचा स्टर्लिंग चमचा सुमारे ४.८ दाखवेल. जर्मन सिल्व्हरचा तेवढ्याच वजनाचा चमचा सुमारे ५.७ दाखवेल. त्या धातूत तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदीचा कणही नसतो. चमच्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढा, नाहीतर घनफळ जास्त येऊन चांगला चमचाही नापास होतो.

सुऱ्यांवर ही चाचणी चालत नाही. सुरीची मूठ बहुधा पोकळ असते. पातळ चांदीचे दोन अर्धे झाळून आत राळेसारखे भरण घालतात, आणि पाते पोलादी असते. म्हणून सुऱ्यांचे वजन चांदीच्या वजनात धरायचे नाही. जाहिरातीत संचाचे ‘एकूण वजन’ सुऱ्यांसकट दिले असेल तर सुऱ्या वगळून वजन मागा.

चौथी पायरी: दोष शोधा

भांड्यावर तोंडाने वाफ सोडा. ओलसर धुरकट थर विरताना झाळीच्या रेषा, ठिगळे आणि पुसलेली अक्षरे क्षणभर स्पष्ट दिसतात. जुन्या मालकाची कोरलेली आद्याक्षरे घासून काढली असतील तर तिथला पत्रा पातळ झालेला असतो. अंगठ्याने हलके दाबा. पत्रा आतबाहेर टिचकी मारल्यासारखा वाजला तर ती वस्तू सोडा. अक्षरे शाबूत असलेले भांडे त्यापेक्षा कधीही चांगले.

राखाडी, मऊ, ओघळलेली झाळ दिसली तर ती शिशाची किंवा कथलाची दुरुस्ती आहे. हा दोष गंभीर, कारण पुढे चांदीच्या झाळीसाठी भांडे तापवले की शिसे चांदी खात जाते आणि भोके पडतात.

पृष्ठभागावर जांभळट-राखाडी ढग दिसले तर घाबरू नका. ताव देताना चांदीतल्या तांब्यावर ऑक्सिजनची क्रिया होते आणि हा डाग वरच्या थराच्या खाली बसतो. येन्सेनच्या कार्यशाळेत तर आम्लातून काढलेल्या भांड्याला पूर्ण आरसा करत नसत. थोडी काळसर छटा ठेवून मऊ, दुधाळ चमक आणत. कुणीतरी यंत्राच्या चाकावर ती छटा उडवून भांडे चकचकीत केले असेल तर दुकानात ते उठून दिसते. जाणकार मात्र त्याची किंमत कमीच करतो, आणि आम्हीही तोच सल्ला देऊ.

चमच्याचे टोक समोरून बघा. उजव्या हाताने खाणाऱ्यांच्या घरात डावी बाजू जास्त झिजते. संचातला दुसरा चमचा शेजारी ठेवला की आकारातला फरक कळतो. काट्याचे दात मूळ लांबीचे हवेत. झिजलेले दात कापून सारखे केले असतील तर ते आखूड आणि बोथट दिसतात.

पाचवी पायरी: किंमत ठरवा

आधी नुसत्या धातूची किंमत काढा. १२० ग्रॅमच्या ८३० चांदीत शुद्ध चांदी ९९.६ ग्रॅम, तेवढ्याच वजनाच्या स्टर्लिंगमध्ये १११ ग्रॅम. त्याला दिवसाच्या भावाने गुणा. त्यावर मागितलेली रक्कम म्हणजे घडणावळ, रचना आणि नाव यांचे मोल. वरची रक्कम धातूच्या किंमतीच्या किती पट आहे हे लिहून ठेवलेत की दोन विक्रेत्यांची तुलना सोपी जाते. येन्सेन कंपनी काही जुन्या रचना आजही घडवते. १९५०च्या दशकातली वस्तू आणि त्याच रचनेची नवी वस्तू यांची किंमत एक नसते, म्हणून ठशावरून काळ नक्की करूनच बोला.

विकायची वेळ आली तर गल्लीतल्या सराफाकडे मोडीत घालू नका. तो वजनावर भाव देणार, वर तूट कापणार. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण घाटाचे मोल त्यात शून्य होते. अशा वस्तूंसाठी लिलाव आणि जाणकार विक्रेतेच गाठा.

परदेशातून मागवताना दोन गोष्टी. आयातशुल्क आणि नियम वरचेवर बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी ताजी चौकशी करा. आणि चहादाणीची मूठ हस्तिदंती असेल तर ती वस्तू मागवूच नका: भारतात हस्तिदंताची आयात आणि व्यापार दोन्ही बेकायदा आहेत. आबनुसाच्या काळ्या लाकडाची मूठ असलेल्या वस्तू पुष्कळ मिळतात.

पहिली खरेदी म्हणून पूर्ण संच नको, सुरई तर नकोच. एक मोठा वाढायचा चमचा घ्या. आपल्या जेवणात काटा-सुरी पडून राहते, पण भात, शिरा, खीर वाढायला चमचा रोज हातात येतो. रोज हाताळल्याशिवाय वजनाचा तोल आणि पृष्ठभागाचा पोत कळत नाही. बघायला जायचे तर कोपेनहेगनचे डिझाइनम्युझियम, कोल्डिंगचा कोल्डिंगहुस किल्ला आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली चांदीची दालने.

वापर आणि निगा

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. अंडे, कांदा, लसूण, मोहरी, हिंग हे त्यातले घरचे वाटेकरी. त्याहून वाईट मीठ. त्याने नुसते काळे डाग पडत नाहीत, बारीक खड्डे पडतात, आणि ते घासून जात नाहीत. लोणचे, मीठ, खारवलेले काही चांदीत ठेवू नका. वाढून झाले की चमचा तसाच पातेल्यात सोडून देऊ नका.

कोमट पाणी, सौम्य द्रव साबण, मऊ सुती फडके, आणि लगेच कोरडे करणे: रोजच्यासाठी एवढेच. भांडी धुण्याचे यंत्र कटाक्षाने टाळा. त्यातल्या उष्णतेने सुरीच्या मुठीतले भरण सैल होते, आणि स्टीलला टेकलेल्या चांदीवर डाग उठतात.

काळेपणा आला तर आधी नुसते धुऊन, चांदी पुसायच्या खास फडक्याने पुसून बघा. त्याने भागले नाही तर अगदी बारीक शुद्ध खडूची भुकटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून कापसाच्या बोळ्याने हलके फिरवा, आणि नीट धुवा. घासण्याची दिशा भांड्याच्या लांबीला धरून ठेवा. राख, रांगोळी, टूथपेस्ट, तांब्या-पितळेची पावडर यांतले काहीही नको. त्यांचे कण चांदीपेक्षा कठीण असतात आणि मठाराचे पैलू हळूहळू बुजवून टाकतात. बुडवून काढायची तयार द्रावणेही नकोत. त्यातले आम्ल खोबणीतली मुद्दाम ठेवलेली काळी छटा धुऊन नेते.

ॲल्युमिनियमचा कागद, खायचा सोडा आणि गरम पाणी हा उपाय सगळीकडे सांगितला जातो. त्याने चांदी घासली जात नाही हे खरे, पण मुद्दाम दिलेली छटा जाते आणि पृष्ठभाग पांढुरका, निस्तेज होतो. शिवाय पोकळ मुठींत आणि लाकडी सांध्यांत पाणी शिरते. अगदी साध्या, छटा नसलेल्या चमच्यापुरता करा, बाकी कशाला नको.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट खाऱ्या हवेत साठवण जास्त महत्त्वाची. प्रत्येक वस्तू आम्लविरहित कागदात किंवा धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सिलिका जेलची पुडी घाला. पावसाळ्यात ती दर महिन्याला बदला किंवा वाळवा. वर्तमानपत्र, लोकर आणि विशेषतः रबरबँड डब्यात नको. रबरातले गंधक कापडातूनही पार होते, आणि त्या रेषेचा डाग काढताना बरीच चांदी घासून काढावी लागते.

दुरुस्तीला देताना कारागिराला तीन गोष्टी लिहून द्या: झाळ चांदीचीच, मुलामा नाही, चाकावर पॉलिश नाही. लहानसा पोचा असेल आणि भांडे गळत नसेल तर तो तसाच ठेवलेला बरा. मोठा पोचा काढायचाच तर आतून खुंटी आणि बाहेरून गुळगुळीत हातोडी वापरणारा माणूस शोधा. कामाआधी चारी बाजूंनी आणि ठशांचे तिरक्या प्रकाशात फोटो काढा, आणि वजन ०.१ ग्रॅमपर्यंत नोंदवून ठेवा. भांडे परत आल्यावर वजन घटलेले दिसले, तर तेवढा पृष्ठभाग घासून काढला गेला आहे.